पुटकुळी एवढीशी, संशय डोंगराएवढा

दिवाळी उलटून पंधरा दिवस झाले होते. धान कापणीचा जोर. अशा दिवसांत दुपारी सालेकसात आमच्या गल्लीत चिटपाखरूही नसतं. मी ओसरीवर सुपात तांदूळ घेऊन निवडत बसले होते. तेवढ्यात फाटक वाजलं.

"सिस्टरबाई, आहे का जी घरी?"

पलीकडच्या मोहल्ल्यातली सून. लग्नाला जेमतेम आठ महिने झालेले. हातात कपड्यांची पिशवी, डोळे सुजलेले. मी परिचारिका म्हणून नोकरी केली आणि निवृत्त होऊन इथंच राहिले. त्यामुळे "कुणाला सांगू नका" असं म्हणत अजूनही बायका माझ्या ओसरीवर येतात. मला वाटलं, दिवस राहिले असतील किंवा सासूशी बिनसलं असेल.

पाण्याचा गडवा तिच्यापुढं ठेवला. बराच वेळ ती नुसती पदराचं टोक पिळत बसली. मग एका दमात बोलली, "काकू, मी माहेरी चालली. पाचच्या गाडीनं. यांना बाहेरचा रोग लागला आहे."

"तुला कुणी सांगितलं?"

"कुणी सांगायला काहून पाहिजे? माझ्या डोळ्यांनी पाहिलं ना मी!"

नवरा ट्रकवर. महिन्यातले पंधरा दिवस रायपूर, नागपूर, कधी त्याहून लांब. ट्रकवाल्यांबद्दल लोक काय काय बोलतात ते तिनं लग्नाआधीच ऐकलेलं. त्यात गेले दोन महिने तो तिच्याजवळ येईना. आला तरी दिवा मालवूनच. त्या दिवशी अंघोळीनंतर कपडे बदलताना तिची नजर गेली. लिंगाच्या टोकाशी, गोल कडेनं बारीक बारीक पांढुरक्या पुटकुळ्यांची रांग, आणि शेजारी लालभडक चट्टा. विचारलं तर तो खाली मान घालून बाहेर निघून गेला.

"खरं असतं तर बोलला असता ना काकू? गप्प बसला म्हणजे पाप आहे पोटात."

मैत्रिणींनो, हा विषय पुरवणीत वाचून काही जणींनी पान दुमडलं असेल. दुमडा, पण नंतर एकट्या असताना उघडून वाचा. मी त्या दोघांनाही विचारूनच हे लिहिते आहे, आणि त्यांची ओळख पटेल असं सगळं बदललं आहे. त्या दिवशी ती पाचच्या गाडीनं गेली असती तर एक घर मोडलं असतं. तेही अशा गोष्टीपायी, जी मुळात आजारच नव्हती.

गप्प बसण्यामागचं कारण

मी तिला म्हटलं, "बेटा, गाडी उद्याही आहे. आज मला त्याच्याशी बोलू दे." संध्याकाळी त्याला बोलावून घेतलं. पहिल्यांदा काही केल्या बोलेना. मग मीच म्हटलं, "हे बघ, मी चाळीस वर्षं लोकांच्या जखमा धुतल्या आहेत. माझ्यापुढं लाजायचं काम नाही."

तेव्हा सगळं बाहेर आलं. त्या पुटकुळ्या त्याला वयात आल्यापासून होत्या. दुखत नव्हत्या, खाजत नव्हत्या, वाढतही नव्हत्या. पण मनात एक भीती कायमची. कुणाला विचारायचं? बापाला? मित्रांना? एकदा मित्रांच्यात विषय निघाला, तर जो तो हसायला लागला. मग ट्रक घेऊन जाताना एका गावात "गुप्तरोग, सात दिवसांत गॅरंटी" असा बोर्ड दिसला. तिथं बसलेल्या माणसानं बघितलं न बघितलं आणि सांगितलं, "भयंकर रोग आहे, बायकोला लागेल, मूलबाळ होणार नाही." सहा हजार रुपये घेतले आणि एक डबीतलं मलम दिलं. त्या मलमानं कातडी भाजली. तिनं पाहिलेला लाल चट्टा तो हाच!

"बायकोला लागेल म्हणाला ना तो," नवरा म्हणाला, "म्हणून मी जवळ जात नव्हतो."

बघा, कसं उलटं झालं! तो तिला जपायला म्हणून दूर राहिला, आणि ती समजली की याचं बाहेर काही आहे. दोघंही रात्रभर एकाच खोलीत, एकमेकांकडं पाठ करून, आपापल्या भीतीला कवटाळून झोपत होते.

आरशातला पुरावा

मी सिस्टर आहे, डॉक्टर नव्हे. शिवाय खरं सांगायचं तर नोकरीत माझा सगळा वेळ बाळंतिणी, लसीकरण आणि कुटुंबनियोजनात गेला. पुरुषाच्या त्या भागावर नैसर्गिक काय आणि आजार काय, हे मलाही कुणी धड शिकवलं नव्हतं. म्हणून मी निदान सांगितलं नाही. फक्त म्हटलं, "दोघं गोंदियाला जा, त्वचारोगाच्या डॉक्टरांना दाखवा. तोवर ते मलम बंद."

पण एक गोष्ट मात्र मला माहीत होती. मी तिला उजेडात नेलं, हातात आरसा दिला आणि म्हटलं, "वरचा ओठ जरा ताण. आता गालाची आतली बाजू बघ." तिला ओठाच्या कडेला बारीक पिवळसर ठिपके दिसले. रव्याचे कण पेरावेत तसे.

"बाप्पा! हे काय आहे जी? मला पण झालं का?"

"तुला झालं नाही, तुला आहेत. मलाही आहेत." मी माझा ओठ ताणून दाखवला.

या ठिपक्यांना डॉक्टर 'फोर्डाइस स्पॉट्स' म्हणतात. जॉन फोर्डाइस नावाच्या अमेरिकन त्वचारोगतज्ज्ञानं १८९६ साली त्यांचं वर्णन केलं, म्हणून ते नाव. आपल्या कातडीत तेल तयार करणाऱ्या ग्रंथी असतात. एरवी त्या केसाच्या मुळाशी असतात. जिथं केस नाहीत तिथं, म्हणजे ओठावर, गालाच्या आत, पुरुषाच्या लिंगाच्या कातडीवर, बायकांच्या योनीच्या ओठांवर, त्याच ग्रंथी थेट वरून दिसतात. कातडी ताणली की जास्त उठून दिसतात. बहुतेक मोठ्या माणसांना त्या कुठं ना कुठं असतातच. त्यांच्यापासून कुणाला काही लागत नाही.

तिनं बराच वेळ आरसा खाली ठेवला नाही. मग हळूच म्हणाली, "म्हणजे अंगावर असं काही असलं म्हणजे ते पापच असतं असं नाही..." आणि पिशवी घेऊन परत घरी गेली. पाचची गाडी कधीच निघून गेली होती.

डॉक्टर काय म्हणाले?

दोन दिवसांनी दोघं गोंदियाला गेले. डॉक्टरांनी भिंग लावून नीट पाहिलं. निदान झालं ते 'पर्ली पिनाइल पॅप्यूल्स'. मराठीत म्हणायचं तर लिंगावरचे मोतीदाणे. लिंगाच्या टोकाचा जो बोंडासारखा भाग असतो, त्याच्या मागच्या गोल कडेवर एक, दोन किंवा तीन ओळींत हे दाणे असतात. खसखशीच्या किंवा फार तर मोहरीच्या दाण्याएवढे. रंग कातडीसारखा, पांढुरका किंवा किंचित गुलाबी. सगळे साधारण एकाच मापाचे, मण्यांची माळ ओवावी तसे ओळीनं बसलेले.

हा आजार नाही. जंतू नाही, विषाणू नाही. अस्वच्छतेनं होत नाही, हस्तमैथुनानं होत नाही, परस्त्रीकडं गेल्यानं होत नाही. ज्यानं कधी कुणाला स्पर्शही केला नाही त्यालाही असू शकतात. ती कातडीचीच, बारीक रक्तवाहिन्या आणि धागे मिळून झालेली ठेवण आहे. वयात येताना किंवा त्यानंतरच्या काही वर्षांत दिसायला लागते आणि वय वाढेल तशी पुष्कळांच्यात आपोआप फिकी होत जाते. जगात वेगवेगळ्या ठिकाणी झालेल्या पाहण्यांत १४ टक्क्यांपासून ४८ टक्क्यांपर्यंत पुरुषांना हे दाणे आढळले आहेत. म्हणजे अगदी कमी धरलं तरी सात पुरुषांत एकाला! आपल्या गल्लीतली घरं मोजा म्हणजे कळेल. आणि त्यातला जवळपास प्रत्येक जण समजत असतो की जगात हे मला एकट्यालाच आहे.

यावर उपचार लागत नाही. काही मोठ्या शहरांत लेसरनं काढून देतात, पण ते फक्त दिसण्यासाठी. आरोग्यासाठी त्याची काहीही गरज नसते.

भाजलेल्या जागेसाठी डॉक्टरांनी साधं औषध दिलं आणि ती बरी होईपर्यंत संबंध टाळायला सांगितलं. शिवाय म्हणाले, "मनातली शंका कायमची जावी म्हणून दोघांची रक्ततपासणी करून घेऊ." एचआयव्ही आणि सिफिलिस, दोन्ही तपासण्या झाल्या. दोघांचंही काही निघालं नाही.

आणखी काय काय निरुपद्रवी असतं?

त्यानंतर मी स्वतःच पुस्तकं काढून वाचलं, ओळखीच्या डॉक्टरांना विचारलं. ते तुम्हालाही सांगते.

लिंगाच्या टोकाच्या खालच्या बाजूला कातडीची एक दोरी असते. तिच्या दोन्ही बाजूंना एकेक-दोन दोन बारीक दाणे असणं हेही पुष्कळांच्यात नैसर्गिक असतं. अंडकोषाच्या पिशवीवर केसांच्या मुळाशी कोंबडीच्या कातडीसारखे उंचवटे दिसतात, तेही तसेच. चाळिशी-पन्नाशीनंतर त्याच पिशवीवर लालसर-जांभळे, टाचणीच्या डोक्याएवढे ठिपके येतात. त्या फुगलेल्या बारीक रक्तवाहिन्या. त्यांतून कधी खाजवल्यावर रक्त येतं आणि माणूस घाबरतो, पण बहुतेक वेळा त्यात घाबरण्यासारखं नसतं. रक्त वारंवार येत असेल तर दाखवावं. कधी कधी पिशवीच्या कातडीत पांढऱ्या-पिवळ्या, हरभऱ्याएवढ्या कडक गाठी होतात. त्या कातडीतल्याच गाठी असतात. दुखल्या, पिकल्या तरच त्यांना हात लावायचा, तोही डॉक्टरांनी.

आणि हे फक्त पुरुषांचंच नाही बरं का! आपल्याकडंही योनीच्या तोंडाशी, आतल्या ओठांवर, बारीक मऊ दाण्यांच्या सारख्या ओळी काही बायकांना असतात. पुरुषांच्या मोतीदाण्यांचीच ती बहीण म्हणा ना. त्यालाही काही करावं लागत नाही. पण त्याला चामखीळ समजून जाळून घेतलेल्या बायकाही असतात. म्हणून हे ठाऊक असलेलं बरं.

मग काळजी कधी करायची?

आता दुसरी बाजू. "सगळं नैसर्गिक असतं" म्हणून डोळे मिटून घेणंही चूक. काही खुणा अशा आहेत की त्या दिसल्या तर पुरुषानं त्याच आठवड्यात डॉक्टरांकडं गेलंच पाहिजे.

नवीन उगवलेले, वाढत जाणारे, एकसारखे नसलेले, फुलकोबीच्या तुऱ्यासारखे खरखरीत कोंब असतील तर ते विषाणूचे चामखीळ असू शकतात. एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळं ते होतात आणि संबंधातून लागतात. त्यातही एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. बाहेर चामखीळ आणणारे विषाणूचे प्रकार बहुतेक वेळा ६ आणि ११ क्रमांकाचे, आणि बायकांच्या गर्भाशयमुखाच्या कॅन्सरला मुख्यतः कारण होणारे १६ आणि १८ क्रमांकाचे. म्हणजे चामखीळ दिसला की लगेच कॅन्सर असं नाही. पण नवऱ्याला चामखीळ निघाले तर आपणही तपासून घ्यायचं.

दाण्याच्या मधोमध बेंबीसारखा खळगा असेल तर तो वेगळ्या विषाणूचा पुरळ असतो. लहान मुलांना तो साध्या स्पर्शानंही होतो. मोठ्यांना त्या जागी झाला तर दाखवावा. पाण्यानं भरलेले, झोंबणारे, फुटून जखमा होणारे फोड म्हणजे नागिणीच्या जातीतला हर्पिस असू शकतो.

आणि सगळ्यात फसवी जखम ती, जी दुखत नाही! सिफिलिसची पहिली जखम बहुधा दुखत नाही आणि काही आठवड्यांनी आपोआप भरूनही येते. माणूस म्हणतो, "बरं झालं, गेलं." पण रोग आत राहतो. बायकोला दिवस गेले तर पोटातल्या बाळापर्यंत पोचतो. गरोदरपणी सरकारी दवाखान्यात एचआयव्ही आणि सिफिलिसची तपासणी करतात ती याचसाठी. पेनिसिलिननं हा आजार बरा होतो, पण वेळेवर कळला पाहिजे.

रात्री खाज वाढते, बोटांच्या बेचक्यांत, कमरेला आणि त्या जागीही पुटकुळ्या आहेत, घरातली मुलंही खाजवतात, तर ती खरूज समजा. त्यात घरातल्या सगळ्यांनी एकाच वेळी औषध लावायचं, नाही तर ती एकाकडून दुसऱ्याकडं फिरत राहते. टोकाची कातडी वारंवार लाल होते, चिरा पडतात, पांढरा थर येतो, असं असेल तर साखर तपासा. कित्येकांना मधुमेह आहे हे पहिल्यांदा इथूनच कळतं. अंडकोष सुजून जड होत असेल तर आपल्या पूर्व विदर्भात हत्तीरोगाची आठवण ठेवावी लागते. आणि महिनाभरात न भरलेली कोणतीही जखम, विशेषतः उतरत्या वयात, कॅन्सर नाही ना हे बघायला दाखवलीच पाहिजे.

खूण सोपी आहे. वर्षानुवर्षं तसंच आहे, दुखत नाही, खाजत नाही, एकसारखं आहे, तर बहुधा निरुपद्रवी. नवीन आहे, वाढतं आहे, पसरतं आहे, दुखतं आहे, चिघळतं आहे किंवा जखम आहे, तर डॉक्टर. आणि या दोन्हींत खात्री वाटत नसेल तरी डॉक्टरच. घरच्या पिवळ्या बल्बच्या उजेडात आपण निकाल देऊ नये.

दुसरं म्हणजे, खरोखर संबंधातून लागणारा आजार निघाला तरी त्या क्षणी फाशीची शिक्षा सुनावू नका. एचपीव्हीची लागण झाल्यावर चामखीळ दिसायला कित्येक महिने, कधी वर्षंही जातात. ती लागण लग्नाआधीची असू शकते. ती कुणाकडून कुणाला गेली हे कातडी बघून डॉक्टरही सांगू शकत नाहीत. आधी दोघांचा उपचार, मग बोलणं.

जाळू नका, बांधू नका

आपल्याकडं चामखीळ घालवायचे घरगुती उपाय माहीत नाहीत असं घर नाही. चुना आणि धुण्याचा सोडा लावून जाळायचं, घोड्याच्या केसानं आवळून बांधायचं, अगरबत्तीचा चटका द्यायचा. मानेवरच्या चामखिळीलाही ते बरं नाही, मग या नाजूक जागी तर विचारच नको. नैसर्गिक दाणे जाळले तर जखम होते, ती पिकते, व्रण राहतो आणि नसलेला आजार जन्मभराचा होतो.

मेडिकलच्या दुकानातून "खाजेची ट्यूब द्या" म्हणून आणलेल्या मलमांचंही तेच. त्यांत पुष्कळदा तीन-चार औषधं एकत्र असतात आणि त्यातलं एक कडक स्टेरॉइड असतं. चार दिवस बरं वाटतं, मग कातडी पातळ होते आणि मूळ आजार जास्त पसरतो.

राहिले भिंतीवरचे डॉक्टर. रेल्वेनं कुठंही जा, रुळाकडेच्या भिंतींवर चुन्यानं रंगवलेल्या जाहिराती दिसतात. अशा जाहिरातींना बंदी घालणारा कायदा आपल्याकडं १९५४ पासून आहे. गुप्तरोग बरा करतो, ताकद वाढवतो अशी जाहिरात करणं हा त्या कायद्यानं गुन्हा आहे. तरी भिंती रंगतात, कारण लाजणारी गिऱ्हाइकं मिळतात. या माणसांचं भांडवल औषध नाहीच. आपली लाज हेच त्यांचं भांडवल. त्यात हल्ली मोबाइलची भर. रात्री चादरीखाली शोधायला जावं तर पहिल्यांदा भयंकर फोटोच समोर येतात आणि माणूस आणखी घाबरतो.

लाज कुणाच्या कामाची?

आपल्या शेजारच्या गडचिरोलीची गोष्ट सांगते. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी तिथल्या दोन गावांत ६५० बायकांची तपासणी केली. १९८९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय पत्रिकेत ते काम छापून आलं आणि जगभर गाजलं. ९२ टक्के बायकांना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार होते, आणि त्याआधी तपासणी झालेल्या बायका होत्या फक्त ८ टक्के. बाकीच्या सगळ्या अंगावर काढत होत्या. त्यानंतर बायकांच्या दुखण्याबद्दल थोडं तरी बोललं जाऊ लागलं. आमच्यासारख्या नर्सना, आशाताईंना त्याचं शिक्षण मिळू लागलं.

पण पुरुषांचं काय? त्यांना आशाताईला विचारता येत नाही, आईला सांगता येत नाही. "मर्द" म्हणून मित्रांत हसायचं आणि एकटं घाबरायचं. बायकांच्या मुक्या दुखण्यावर आपण चिडतो, तसं पुरुषांच्या मुक्या भीतीकडंही कधी बघायला हवं.

याच महाराष्ट्रात १९२७ साली र. धों. कर्व्यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक काढलं आणि लोकांच्या अशाच प्रश्नांना छापील उत्तरं दिली. त्यापायी त्यांच्यावर खटले झाले. १९३४ साली कोर्टात त्यांची बाजू मांडायला उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर! एवढ्या मोठ्या माणसांनी ज्या प्रश्नांसाठी कोर्टाची पायरी चढली, ते प्रश्न आपण अजून नवऱ्याला अंधारातही विचारत नाही.

कुठं जायचं?

पहिली पायरी आपलं ग्रामीण रुग्णालय. तिथले डॉक्टर बघतील आणि गरज असेल तर पुढं पाठवतील. गोंदियाला २०१६ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथं त्वचारोगाचे डॉक्टर असतात. जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयांत 'सुरक्षा क्लिनिक' नावानं गुप्तरोगांची तपासणी आणि उपचार मोफत होतात, नाव गुप्त राहतं. फोनवर विचारायचं असेल तर १०९७ हा एड्स नियंत्रण संघटनेचा मोफत नंबर आहे. समोर कोण आहे ते दिसत नाही, त्यामुळं लाजऱ्या माणसाला तो सोपा पडतो.

नवऱ्याला कसं म्हणायचं? "तुम्हाला काय झालं आहे, खरं सांगा!" असं दरडावून नको. "मला काळजी वाटते, आपण दोघं जाऊन एकदा दाखवून येऊ," एवढं पुरे. 'तुम्ही' आणि 'आपण' यात फार फरक पडतो. त्याला डॉक्टरांशी एकटं बोलायचं असेल तर बाहेर बाकावर बसा. घरात वयात आलेला मुलगा असेल तर ही माहिती त्याच्या वडिलांनी, मामांनी किंवा डॉक्टरांनी त्याला सांगावी. एक वाक्य पुरतं, "अंगात बदल होतात, काही शंका वाटली तर बोर्ड बघून जाऊ नकोस, मला सांग."

परवा ती सून पुन्हा आली होती. हातात पिशवी होती, पण त्यात माझ्यासाठी परसातल्या वालाच्या शेंगा. भाजलेली जागा केव्हाच भरली. सहा हजार रुपये काही परत आले नाहीत. तो बोर्डवाला त्याच जागी बसून असेल, दुसरं कुणी घाबरलेलं गिऱ्हाईक त्याच्यापुढं असेल.

मी विचारलं, "आता बरं आहे ना दोघांचं?"

जरा वेळ थांबली. "बरं आहे काकू. पण अजून कधी ते उशिरा आले की मनात येतंच. मग मी सरळ विचारते. आधी विचारत नव्हती." मग हसून म्हणाली, "ते पण सांगतात आता. आधी सांगत नव्हते."

शेंगा ताज्या होत्या. आम्ही दोघी ओसरीवर बसून त्या सोलत बसलो.